बायाक्काची दोरी

शनिवार आला की बायाक्काच्या कपाळाला आठी पडायची. शनिवार म्हणजे बेळगावचा बाजार. तिचा धाकटा भाऊ परशराम पहाटे मिरचीची पोती गाडीत टाकून करंजगाळीतून निघायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. बाजाराहून माणसं मीठ आणतात, गूळ आणतात, फार झालं तर बायकोला चोळीचा खण आणतात. परशराम धनुष्यासाठी काहीतरी आणायचा.

त्या आषाढातल्या शनिवारी त्यानं धोतराच्या सोग्यातून शिसवी लाकडाचा एक तुकडा काढला. मधे बोटांसाठी खोबणी, वरून तेल चोळून गुळगुळीत केलेला.

"आक्का, ह्ये बघ. मूठ. शहापुरातल्या सुताराकडनं करून घेटली. धनुष्याला मधोमध आवळून बांधली की हात जरा म्हणून हलायचा न्हाई."

बायाक्का उंबऱ्याशी दोरीसाठी अंबाडीचा वाख विंचरत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आप्पाचा हात हलत हुता व्हय रं?"

"तसं न्हवं गं..."

"मग कसं? आप्पानं बावीस वर्सं ह्याच धनुष्यानं बाण मारला. तवा मूठ न्हवती, खोबण न्हवती. तुझ्या बोटांस्नी काय येगळं पाळणं लागतंय?"

आत चुलीपुढं बसलेली परशरामची बायको शालूबाई फिस्सकन हसली. परशरामनं मूठ पुन्हा सोग्यात गुंडाळली, पण टाकून दिली नाही. बायाक्कानं तेही बघितलं.

धनुष्य घरचं होतं, त्यांच्या वडिलांचं, आप्पांचं, पण काम गावाचं. दसऱ्याला शिलंगणाच्या माळावर बांबूच्या तिकाटण्याला एक पिकला कोहळा टांगायचा आणि चाळीस पावलांवरून त्यावर बाण मारायचा. तीन बाण मिळत. त्यातला एक कोहळ्यात रुतला की ढोल वाजायचा आणि गाव आपट्याची पानं लुटायला मोकळं व्हायचं. बाण मारायचा मान परशरामच्या घराचा, आणि मानाबरोबर ओढ्याकाठचं दीड एकर रान. त्याला सगळे बाणाचं शेतच म्हणत. रिवाज असा, की लागोपाठ तीन दसरे बाण चुकला तर मान आणि शेत दोन्ही भावकीतल्या थोरल्या घराकडं जायचं. थोरल्या घरात गुंडू होता, आणि तो त्या दिवसाकडं डोळे लावून बसला होता. दोन दसरे चुकून झाले होते.

परशरामचं स्वतःचं वेगळं रान होतं, त्याचं पोट त्यावर चालत होतं. बाणाच्या शेतावर जगत होती ती बायाक्का.

तिला अकराव्या वर्षी निपाणीला दिली होती. नवरा तंबाखूच्या वखारीत हमाल. मानमोडीच्या साथीत तो तीन दिवसांत गेला, आणि त्यानंतर सहा वर्षं बायाक्का त्याच वखारीत पानांच्या शिरा काढत बसली. चिमटीत पान धरल्याबरोबर ते जाड की पातळ, ओलं की वाळलं, हे तिला न बघता कळायचं. पण तंबाखूची धूळ छातीत उतरली. खोकल्यानं ती दुमडून जायला लागली तेव्हा आप्पा गाडी घेऊन गेले आणि तिला घरी घेऊन आले. येताना संकेश्वराजवळ गाडी सोडली असताना त्यांनी तिची बोटं हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "ह्या बोटांनी दोरी चांगली वळंल."

त्यांनीच तिला सगळं शिकवलं. अंबाडीचा वाख कसा सोलायचा, तीन पेड सारख्या पिळाचे कसे ठेवायचे, वर मेण किती चोळायचं. बोरूच्या काड्या उन्हात धरून सरळ कशा करायच्या, घारीची पिसं एकाच पंखाची का घ्यायची. विधवेनं वळलेली दोरी देवाच्या कामाला चालते का, असं गावात कुणीतरी विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "कोहळ्याला इचारा." त्या वर्षी पहिलाच बाण रुतला, मग कुणी विचारलं नाही. मरताना आप्पांनी पाटलासमोर सांगितलं की बाणाचं शेत बायाक्का खाईल, ती दोरी वळते आणि बाण करते म्हणून. मान गेला तर शेत जाणार, आणि शेत गेलं तर भावाच्या ताटातलं खायचं नाहीतर निपाणीची वखार. भावाच्या ताटातलं ती खाणार नव्हती. म्हणजे वखारच.

आप्पांच्या पश्चात परशरामनं सात वर्षं नीट बाण मारला. सातव्या वर्षी मात्र दोन चुकून तिसरा लागला, आणि माळावरून परतताना कुणीतरी सहज बोलून गेलं, "धनुष्य जुनं झालं की काय रं परशराम?" बस्स. ते वाक्य त्याच्या डोक्यात जे शिरलं ते निघालंच नाही.

आधी त्यानं धनुष्याची टोकं तासली, हलकी व्हावीत म्हणून. मग त्याला दोरी सैल वाटायला लागली. बेळगावात सायकलच्या दुकानातून त्यानं ब्रेकची तार आणली आणि अंबाडीची दोरी काढून ती लावली.

"तार तुटायची न्हाई आक्का. तुला बी वळायचा तरास न्हाई."

"मला तरास हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?"

तार तुटली नाही. तारेनं धनुष्याच्या खाचेत चीर पाडली, आणि दसऱ्याला पहिल्याच ओढीला धनुष्याचा बांबू कर्रर्र वाजला. परशराम दचकला तो तिसऱ्या बाणापर्यंत दचकलेलाच राहिला. पहिला दसरा असा गेला. चीर बायाक्कानं रेशीम गुंडाळून आणि राळ भरून बुजवली. दुसऱ्या वर्षी बाणांची पाळी आली. लोहाराचे लोखंडी फाळ जाऊन पितळी आले, कारण बेळगावच्या लष्करी कॅम्पात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात भिंतीवर तसे बघितले होते. पितळेनं बाण पुढं जड झाले, म्हणून मागं मोरपीस लावलं. मोरपीस वाऱ्याला भिडलं आणि बाण नाचत गेले. एक तर तिकाटण्याच्या पायथ्याशी बसलेल्या कुत्र्याच्या शेपटाजवळ रुतला. गाव हसलं. कुत्रं त्यानंतर शिलंगणाला आलं नाही.

बायाक्काचा संताप बाण चुकल्याचा नव्हता. चुकला का हेच कळायचं नाही, याचा होता. कडब्याच्या पेंढीवर परशराम रोज वीस बाण मारायचा आणि ती गोळा करायची. आज मूठ वेगळी, उद्या पिसं वेगळी, परवा उभं राहायची तऱ्हा वेगळी. बाण डावीकडं गेला तर तो हातामुळं, पिसामुळं की दोरीमुळं, सांगणार कोण? एका वेळी एक बदल केला असता तरी तिनं गप्प बसून बघितलं असतं. हा गडी एका शनिवारात तीन बदलायचा, आणि चौथ्यावर विचार करत जेवायचा.

गणपतीच्या आदल्या दिवशी तिनं अंबाडीची दोरी, लोखंडी फाळ आणि घारीची पिसं पुन्हा लावली आणि त्याला देवीच्या देवळात नेलं. माउलीसमोर उभं केलं.

"हात ठेव पायरीवर. आन म्हण, दसऱ्याचा बाण मारीपतोर धनुष्य, दोरी, बाण, कशाला बी हात लावणार न्हाई."

"हात न लावता बाण मारू कसा?"

"परशा!"

"बरं बरं. बदलणार न्हाई. माउलीची आण."

"आणि ती मूठ दे हिकडं."

मूठ तिनं दगडाला बांधून देवळामागच्या विहिरीत टाकली. परशराम बुडबुड्यांकडं बघत राहिला.

आण त्यानं पाळली, पण घराची दैना केली. बदलायची खाज हातात राहिली होती, ती बाहेर पडायला वाट शोधू लागली. पहिल्या आठवड्यात त्यानं दाराची कडी काढून उलट्या बाजूला लावली, आणि चार दिवस घरातली सगळी माणसं चुकीच्या बाजूला दार ढकलत होती. मग बाजेचा सुंभ सोडून वेगळ्या नक्षीनं विणला. मग एके दिवशी शालूबाई माहेराहून परत आली तर चुलीचं तोंड पूर्वेचं उत्तरेला झालेलं.

"आक्का, ह्या माणसाची आण मोडा!" शालूबाई धुरानं डोळे पुसत ओरडली. "धनुष्याचं वाटोळं झालं तर चालंल, माझी चूल नगं!"

"दसऱ्यापतोर कळ काढ बाई," बायाक्का म्हणाली. "धूर डोळ्यांत ग्येला तर पाणी येतंय. शेत ग्येलं तर काय येणार हाय?"

पण रोजचे वीस बाण सुरू होते आणि त्यांत फरक पडत चालला होता. सुरुवातीला विसातले सहा पेंढीत बसायचे. पितृपंधरवड्यात दहा. घट बसले तेव्हा चौदा. तेच धनुष्य, तीच दोरी, तेच लोखंडी फाळ. परशराम आता ओढताना दोरीकडं बघेनासा झाला होता. कधीकधी त्याची नजर धनुष्याच्या टोकावर रेंगाळायची, अंगठा खाचेवरून फिरायचा. मग तो अंगठा तोंडात घालायचा आणि बाण गोळा करायला स्वतःच पळायचा. बायाक्का हसू दाबून ठेवायची. भावाचं कौतुक तोंडावर करायची तिला सवय नव्हती.

अष्टमीला दुपारी शेवटचे वीस बाण झाले. सोळा लागले. उद्या खंडेनवमी, हत्यारांची पूजा. त्या दिवशी विळ्यापासून नांगरापर्यंत सगळं देवापुढं असतं आणि त्याला कुणी हात लावत नाही. धनुष्यही तिथंच, ते दसऱ्याला माळावरच चढवायचं. बायाक्कानं धनुष्याची दोरी एका टोकाची सोडली आणि पुसायला घेतली. बोटांना काहीतरी लागलं. वरच्या खाचेजवळ एका पेडातले पाच-सहा धागे तुटून उभे राहिले होते.

तिनं दोरी उजेडात धरून पुन्हा बघितली.

खरं म्हणजे धागे तुटतातच. अशा दोरीनं आप्पांनी एकदा आणखी महिनाभर बाण मारले होते. हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं माळ आला, ओढलेलं धनुष्य आलं आणि तुटून लोंबणारी दोरी आली. आणि गाठोड्यात नवी दोरी होती. पावसाळाभर परशराम धनुष्याशी खटपट करत असताना रागारागात तिनं ती वळली होती. एवढी बारीक आणि एवढ्या सारख्या पिळाची दोरी तिच्या हातून आजवर झाली नव्हती. कुणाला दाखवलीही नव्हती.

तिनं जुनी काढली आणि नवी लावली. तिच्या मनाला हा बदल वाटलाच नाही. भाऊ करतो तो बदल, आपण करतो ती डागडुजी, एवढा तिचा स्वतःवर भरवसा होता.

नवमीला सकाळी शालूबाईनं हत्यारं मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ धनुष्याला घातली. दुपारी बायाक्का ओट्यावर हरभऱ्याचं बियाणं निवडत होती, आणि निवडता निवडता तिचे हात थांबले.

नवी दोरी बारीक होती. बारीक म्हणजे हलकी. हलकी दोरी जोरात सुटते, आणि बाण वर चढतो. हे तिनंच परशरामला दहा वेळा सांगितलं होतं. आणि ह्या दोरीनं अजून एकही बाण मारलेला नव्हता, आणि मारायला मधे एकही दिवस उरलेला नव्हता.

ती तडक देवघरात गेली.

"काय पायजे आक्का?" शालूबाईनं विचारलं.

"त्ये धनुष्य जरा..."

"अगं बाई! नवमीला हत्याराला हात? तुमीच मला शिकिवलंय न्हवं?"

बायाक्का परत ओट्यावर आली. परशरामला सांगावं? सांगितलं की संपलंच. रात्रभर त्याला झोप येणार नाही, उद्या माळावर तो दोरी पिळणार, बाण बदलणार, पाय बदलणार, महिन्याभराचं सगळं पाण्यात. न सांगावं तर? तिनं सूप आपटलं. चांगलं हरभऱ्याचं बी ओटाभर सांडलं आणि ती ते एकेक वेचत बसली. सबंध जन्मात तिनं स्वतःला इतक्या शिव्या घातल्या नव्हत्या.

दसऱ्याला उन्हं कलती झाल्यावर माळ भरला. बायका जांभळीखाली उभ्या राहिल्या. बायाक्का त्यांच्याही मागं, कमरेला जुनी दोरी खोचून. कोहळा वाऱ्यावर जरा हलत होता. गुंडू नवा फेटा बांधून आला होता, मान आजच मिळणार असल्यासारखा.

"परशरामदा, यंदा काय लावलंयसा? विमानाचा पंखा?"

"न्हाई," परशराम म्हणाला. "तुझ्या फेट्याचा सोगा मागणार हुतो. मनात आलं, तुलाच लागंल, रडल्यावर डोळं पुसायला."

लोक हसले. परशरामनं धनुष्य गुडघ्याशी दाबून दोरी चढवली. चढवताना त्याचा अंगठा दोरीवरून एकदा खाली गेला, एकदा वर आला. बायाक्का टाचा उंचावून बघत होती. पण त्यानं काही केलं नाही. बाण लावला, ओढला, सोडला.

बाण कोहळ्यावरून हातभर उंच निघून गेला.

माळावर "आऽऽ" असा आवाज झाला. बायाक्काला राहवलं नाही. बायकांना बाजूला सारून ती पुढं आली आणि कमरेची दोरी काढून तिनं हात वर केला.

"परशा! ही घे! दोरी बदल!"

"झालं!" गुंडू ओरडला. "आता आक्कालाबी लागलं याड!"

परशरामनं तिच्याकडं बघितलं. दोरीकडं बघितलं. महिनाभर ज्याचा हात दाराच्या कडीवरून हटत नव्हता, तो माणूस फक्त मान हलवून नको म्हणाला. मग त्यानं दुसरा बाण लावला. पाय तिथंच, हात तिथंच, नजर तिथंच. त्यानं नेमही बदलला नाही, आणि हे बघून बायाक्काच्या अंगाची लाही झाली. अरे दगडा, वर गेला ना? मग जरा खाली तरी धर!

दुसरा बाण पहिल्याच्याच वाटेनं गेला. तेवढाच उंच, तेवढाच सरळ, अगदी कोहळ्याच्या देठावरून.

लोक हळहळले. कुणीतरी म्हणालं, कावळा मारतोय की काय. पण बायाक्काचा वर केलेला हात हळूच खाली आला. दहा वर्षं तिनं ह्या माणसाचे बाण गोळा केले होते. दोन बाण एकाच जागी चुकलेले तिनं गेल्या दोन वर्षांत बघितले नव्हते. पहिला नुसता चुकला होता. दुसऱ्यानं सांगितलं की ही दोरी किती वर नेते. हातभर. कमी नाही, जास्त नाही.

परशरामनं तिसरा बाण लावला. ह्या वेळी त्यानं कोहळ्याच्या खाली हातभर, नुसत्या रिकाम्या हवेवर नेम धरला. गुंडूला ते दिसलं आणि तो हसायला लागला. तो हसत असतानाच थप्प असा आवाज झाला, कोहळा गर्रकन फिरला आणि थांबला, आणि त्याच्या पोटातून बाणाची पिसं तेवढी बाहेर दिसत होती.

ढोल वाजला. लोक आपट्याकडं पळाले. बायाक्का होती तिथंच खाली बसली.

घरी आल्यावर परशराम रिवाजाप्रमाणं सोनं द्यायला आणि तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"आधी सांग. दोरी दावली तरी बदलली का न्हाईस?"

"ही चढीवतानाच कळलं की नवी हाय म्हणून."

"चढीवताना? मग बोलला का न्हाईस मुडद्या?"

"बोलून काय? तिथं दोरी सोडून बसलो असतो तर परत उठलो नसतो. तुला म्हायतीच हाय माझं." तो आपट्याची पानं हातात धरून तसाच वाकलेला होता. "आणि म्हटलं, आक्कानं बदललीया. आक्का उगं बदलायची न्हाई. कायतरी बघूनच बदललं असंल."

खोटं बोलणं सोपं होतं. पेड निम्मा तुटला होता म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"काय बी बघितलं न्हवतं," ती म्हणाली. "पाच धागं तुटल्यालं. भेले मी."

"भेलीस?"

"व्हय. भेले आन बदलली."

परशराम ताठ उभा राहिला. त्याच्या तोंडावर हसू पसरत पसरत कानापर्यंत गेलं.

"मग मला इतकी वर्सं कशापायी शिव्या घालत हुतीस गं?"

"आजून घालणार हाय!" बायाक्का कडाडली. "हसतुयास काय? वाक खाली. सोनं दे, पाया पड आन जा तिकडं. पाटलाकडनं ऐकून ये, शेत माझंच ऱ्हायलं न्हवं म्हणून."